सगळ्यात हलका गिअर

१

त्या दिवशी दादा कोणाच्या मागे वळला?

हे मी सगळ्यांना विचारलं. हवालदाराला विचारलं, दातांच्या डॉक्टरांना विचारलं, गणिताच्या बाईंना तर तीन वेळा विचारलं. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी प्यायला पाणी दिलं. उत्तर कोणी दिलं नाही.

हा प्रश्न मला का पडला ते कळायला आमची रविवारची पद्धत सांगायला हवी. दादाचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दर रविवारी सकाळी सहाला दुकानापुढून दहा-बारा जण सायकलींवर निघायचे. बावन्न किलोमीटर. आधी कालव्याकडेचा सपाट रस्ता, मग शेतं, मग जंगलातला सहा किलोमीटरचा चढ, पलीकडे उतार, गुरांचे गोठे, आणि वळसा घालून परत. नवीन माणसाला दादा सांगायचा, "रस्ता मध्यम आहे. रडवणार नाही, पण गप्पाही मारू देणार नाही."

सगळ्यात पुढे गणिताच्या बाई असायच्या, गळ्यात शाळेची शिट्टी घालून. सगळ्यात मागे दादा. शेवटच्या माणसाला आम्ही शेपूट म्हणायचो. शेपटीला नियम दोनच. कोणाच्याही पुढे जायचं नाही. आणि कोणी मागे राहिलं किंवा चुकलं, तरच रस्ता सोडायचा.

चढ संपला की जंगलात एक फाटा लागतो. आपला रस्ता उजवीकडचा. डावीकडचा जुन्या दगडखाणीकडे उतरतो आणि तिथल्या पाण्याशी संपतो. उजवीकडे वळून थोडं गेलं की मोरी आहे. तिथे सगळे पाय टेकवून थांबायचे. शेपूट येऊन "मागे कोणी नाही" म्हणाली की पुढे निघायचं.

त्या रविवारी बारा जण निघाले होते. मोरीवर अकरा थांबले. बारावा दादा. त्याच्या पुढचे सगळे मोरीवर उभे होते आणि मागे कोणी नव्हतंच. तरीही दादा फाट्यावर डावीकडे वळला.

तो खाणीच्या पाण्यात सापडला. हेल्मेट डोक्यावर तसंच, पट्टा लावलेला. सायकल काठावरच्या झाडाला टेकवलेली. घाईत टाकलेली नाही. आम्ही दुकानात टेकवतो तशी, हँडल आत वळवून.

२

सायकल परत मिळाली तेव्हा मी एकटाच दुकानात होतो. हवालदाराने ती टेम्पोतून उतरवून दिली.

"कोणी चालवली का मध्ये?" मी विचारलं.

"ही? हिच्यावर बसलो तर मला उतरवायला दोन माणसं लागतील," तो म्हणाला. मग कुठे उभे आहोत ते त्याच्या लक्षात आलं आणि तो खाली बघायला लागला. "नाही रे. उचलून ठेवली, उचलून आणली."

मी ती स्टँडवर चढवली. करण्यासारखं काही नव्हतं, पण माझ्या हातांना दुसरं काही येत नाही. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी याच स्टँडसमोर उभा आहे. चाक फिरवून बघितलं. सरळ होतं. मग चेन बघितली.

चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर होती. म्हणजे सगळ्यात हलका गिअर. उभ्या चढावर दम संपला की लावतात तो.

खाणीचा रस्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत उतार आहे.

मी स्टुलावर बसून विचार केला. चढावर लावला असेल आणि बदलायचा राहिला असेल. पण चढ संपल्यावर फाट्यापर्यंत अर्धा किलोमीटर सपाट आहे. तिथे त्या गिअरमध्ये पाय नुसते भिरभिरतात आणि सायकल गोगलगायीसारखी सरकते. दादा तसं चालवणाऱ्यांतला नव्हता. आणि पायडल फिरवल्याशिवाय चेन चक्र बदलत नाही, त्यामुळे नंतर कोणाचा हात लागून हे झालं असंही म्हणता येईना.

मग मी ब्रेक बघितले. मागचे रबर तापून काळे पडले होते, काचेसारखे गुळगुळीत. पूर्ण उतारभर ब्रेक दाबून ठेवला तर असं होतं.

उतारावर हलका गिअर आणि दाबलेला ब्रेक. असं चालवण्याचं मला एकच कारण माहीत होतं. वहिनी सायकल शिकत होती तेव्हा दादा तिच्या मागून असाच जायचा. पुढचं माणूस हळू असतं, त्याला मागे टाकायचं नसतं, आणि त्याच्यासाठी आपण पाय थांबवलेत असं त्याला वाटू द्यायचं नसतं.

मी चेन पुसली आणि सायकल भिंतीवरच्या खुंट्यांना टांगून टाकली. चेन होती तिथेच ठेवली.

३

आदल्या संध्याकाळी आमचं भांडण झालं होतं. डॉक्टरांच्या चाकाला बाक आला होता. तो काढताना मी तारा जास्त आवळल्या, दोन तुटल्या, आणि मला राग आला म्हणून मी चाकावर हातोडा मारला. दादा डॉक्टरांच्या देखत म्हणाला, "चाकाला नको, स्वतःच्या डोक्याला मार. आवाज तोच येईल."

डॉक्टर हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

जेवताना दादाने विषय काढला नाही. घर म्हणजे दुकानाच्या मागच्या दोन खोल्या, मध्ये एक दार. तिथे माणूस रुसला तरी त्याला रुसायला जागा नाही. वहिनी वाढत होती. ठमी, म्हणजे दादाची पाच वर्षांची मुलगी, माझ्या ताटातलं खात होती.

"उद्या येतोस ना, बारक्या?" दादा म्हणाला. "माझ्या पुढेच राहा. नजरेसमोर."

"तुझ्या नजरेसमोरच चाललंय आयुष्य," मी म्हणालो. ताट सरकवलं आणि डोक्यात राख घालून निघालो, माझी सायकल घेऊन. ती नारिंगी सायकल दादानेच जुन्या सुट्या भागांतून मला बांधून दिली होती.

रात्र मी एका मित्राच्या गोदामात काढली. सकाळी उन्हं अंगावर येईपर्यंत झोपलो. तो मित्र पुढच्याच आठवड्यात नोकरीसाठी दुसरीकडे गेला. त्या सकाळी मी कुठे होतो हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही.

बाईंनी मला नंतर एक गोष्ट सांगितली. त्या रविवारी दादाने सगळ्यांना दहा मिनिटं दुकानापुढे थांबवून ठेवलं होतं. शेवटी बाई म्हणाल्या, ऊन चढेल, निघू या. तेव्हा तो म्हणाला, "चला. येईल तो मागून. गाठेल."

"चढावर तो सारखा मागे वळून बघत होता," बाई म्हणाल्या. "मी वळणावरून पाहिलं ना."

४

महिन्याभराने वहिनीने सायकल बाहेर काढली. ठमीला आठला बालवाडीत सोडायची आणि तिथूनच पुढे जायची. "डोकं हलकं होतं," म्हणायची. मला बरं वाटलं. तोवर ती शिवणयंत्रासमोर बसायची आणि यंत्र चालवायचीच नाही. नुसता पाय पट्टीवर.

हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला. ती जेवायला लागली. एकदा ठमीच्या वेण्या घालताना हसली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "देवाने सावरलं." मी मान डोलावली.

तीन आठवड्यांनी तिने सायकल दुकानात आणून उभी केली.

"भाऊजी, ब्रेक लागत नाहीत."

"मागच्याच महिन्यात नवे टाकलेत, वहिनी."

"मग नीट टाकले नसतील," ती म्हणाली आणि आत गेली.

मी सायकल स्टँडवर घेतली. रबर लोखंडापर्यंत झिजले होते. काळे, गुळगुळीत. मी ते हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. चेनकडे बघायचं नव्हतं. शेवटी बघितली.

सगळ्यात मोठ्या चक्रावर होती.

दुकानातून घरात यायला मधलं दार ओलांडलं की चार पावलं. ती चार पावलं मी फार सावकाश टाकली. वहिनी भाजी निवडत होती.

"कुठपर्यंत जाता सकाळी?"

"कालव्यापर्यंत."

"कालव्यावर ब्रेक झिजत नाहीत. कालवा सपाट आहे."

तिने मान वर केली नाही. "तुम्हाला ब्रेक बदलायला सांगितलंय. चौकशी करायला नाही."

आवाज चिडलेला नव्हता. उलट मऊ होता. एखादी चांगली बातमी स्वतःपाशी ठेवलेल्या माणसाचा असतो तसा. मला तो चिडण्यापेक्षा वाईट वाटला.

मी मनाची समजूत घातली. नवरा जिथे गेला ती जागा बघायला बायको जाते. यात नवल काय? उतार आहे, ती घाबरट आहे, ब्रेक दाबत जात असेल. आणि परत येताना चढ, म्हणून हलका गिअर. हिशेब बरोबर जुळत होता. फक्त परत येताना जंगलाचा लांबलचक उतार लागतो आणि त्यानंतर घरापर्यंत सगळं सपाट. तेवढ्या रस्त्यात कोणीही गिअर बदलेल. ती तशीच पाय भिरभिरवत घरापर्यंत आली होती, कोणाच्या तरी मागून आल्यासारखी.

५

दोन महिन्यांनी बाईंनी पुन्हा रविवार सुरू केला. दुकानापुढे आठ जण जमले.

"शेपूट कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळे एकदम हेल्मेटचे पट्टे लावण्यात गुंतले.

"मी," मी म्हणालो.

"तू?" बाई म्हणाल्या. "तुला दुधावर लक्ष ठेवायला बसवलं तर दुधाच्या आधी तू उतू जातोस. मागे राहणं जमेल?"

"जमेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझा पट्टा स्वतः आवळला. "हं. चल."

कालवा गेला, शेतं गेली. शेवटचा माणूस झाल्यावर रस्ता वेगळा दिसतो. पुढे सगळ्यांच्या पाठी असतात आणि आपल्या पाठीला काहीच नसतं. जंगलात शिरल्यावर उंच झाडांनी ऊन वरच्यावर अडवलं. खाली गारवा आणि ओल्या पानांचा वास. माझ्या पुढे डॉक्टर होते, धापा टाकत.

"आयुष्यभर दुसऱ्यांना 'अजून थोडंच राहिलंय' म्हणत आलो," ते मागे न बघता म्हणाले. "आता कळतंय त्यांना काय वाटत असेल."

मी हसलो. चढ संपला. सपाटीला आल्यावर डॉक्टरांनी गिअर बदलले आणि ते पुढे सरकले. फाट्यावर एकेक जण उजवीकडे वळून झाडांआड झाला. डॉक्टरही झाले.

मी पाय थांबवले, सायकल आपली आपण जाऊ दिली. पाय थांबले की मागच्या चाकातून टिकटिक येते, पाय फिरायला लागले की बंद होते. दुकानात वाढलेल्या माणसाला ती टिकटिक ऐकूही येत नाही, इतकी सवयीची. माझ्या चाकाची टिकटिक चालू झाली. मी पायडल मारलं. ती बंद झाली.

डावीकडची टिकटिक चालूच होती.

६

खाणीच्या रस्त्यावर, तीसेक पावलं खाली, सायकलीवर दादा चालला होता.

करडं जर्किन, उजव्या खांद्यावर वहिनीने लावलेलं निळं ठिगळ. डावा खांदा किंचित उतरलेला. हळू, फार हळू, दमल्यासारखा. मला भीती वाटली असं लिहायला हवं, पण मला आनंद झाला. एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. माझं हँडल डावीकडे वळलं होतं. मी वळवलं नव्हतं.

रस्त्यावर पानांचा थर होता. त्याच्या चाकांखाली पानं वाजत नव्हती, माझ्या चाकांखाली वाजत होती. मी त्याच्या पायांकडे बघत होतो. पाय फिरत होते, सावकाश, एकसारखे. आणि टिकटिक चालू होती.

चाकाच्या आतले खटके झिजले असतील, असं माझ्या मनात आलं. हो, त्या वेळीही हेच आलं. खटके झिजले की पाय फिरतात आणि टिकटिकही होते. पण मग उतारावर सायकल पायांचं ऐकत नाही, सुटते. ही पायांच्याच गतीने जात होती.

हाक मारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मला माझेच पाय जाणवले. ते भिरभिरत होते. माझ्या अंगठ्याने कधीतरी गिअर खाली खाली आणला होता. उजव्या हाताची बोटं ब्रेकवर आवळलेली होती, पांढरी पडेपर्यंत. मी त्याला मागे टाकू नये म्हणून. झाडांमधून खालचं पाणी दिसायला लागलं होतं.

वर मोरीवर बाईंनी शिट्टी वाजवली.

मी पाय टेकवला. पुढे तोही थांबला. डावा पाय टेकवून उभा राहिला. मान वळवली नाही. मागे पडलेल्यासाठी थांबावं तसा थांबला. चाकं थांबली तरी टिकटिक थांबली नाही.

मला त्याची पाठ ओळखीची वाटत होती. मी ती डोळे फाडून बघत होतो, आणि मग मला कळलं की मी ही पाठ सायकलीवर कधीच पाहिलेली नाही. घरात पाहिली होती, दुकानात पाहिली होती. या रस्त्यावर दादा कायम माझ्या मागे असायचा. तो कोणाच्याही पुढे जात नसे.

दादाने मात्र माझी पाठ या रस्त्यावर शेकडो वेळा पाहिली होती. पुढे नारिंगी सायकल दिसली असती, हळू चाललेली, दमलेली, रुसलेली, तर त्याला काहीच चुकीचं वाटलं नसतं.

मी सायकल उचलून उलटी फिरवली आणि वर पळत सुटलो. मागे बघितलं नाही. टिकटिक बराच वेळ तेवढ्याच अंतरावरून येत राहिली.

मोरीवर बाई म्हणाल्या, "कुठे होतास? मागे कोणी राहिलंय का?"

"मागे कोणी नाही," मी म्हणालो.

७

दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन मी खाणीच्या रस्त्याच्या तोंडाशी दगड लावले, कंबरेइतके. तिसऱ्या दिवशी ते बाजूला नीट रचून ठेवलेले होते.

त्या दुपारी वहिनी दुकानात आली. एका हाताला ठमी, दुसऱ्या हातात लहान मुलाला सायकलवर मागे बसवायची खुर्ची. शेजारच्या काकूंकडून मागून आणली होती.

"ही माझ्या सायकलीला बसवून द्या. उद्या हिला सुट्टी आहे."

"काका, मला पट्ट्याने बांधणार?" ठमी म्हणाली. "घट्ट?"

"कुठे नेताय?" मी वहिनीला विचारलं.

"दगड तुम्हीच लावलेत ना," ती म्हणाली. "हात सोलवटले माझे." तळवे दाखवले. मग ठमीला म्हणाली, "जा, आत जाऊन बाहुलीला तयार कर." ठमी गेल्यावर ती दादाच्या स्टुलावर बसली आणि तिने मला सांगितलं. फार शांतपणे सांगितलं, जणू बाजारात कोण भेटलं ते सांगत होती.

"पहिल्यांदा फाट्यावरच दिसले. मग रोज थोडं थोडं पुढे. फार हळू चालवतात आता. मी पुढे जात नाही, मागूनच जाते. गेल्या आठवड्यात पाण्यापर्यंत पोचलो आम्ही. तिथे थांबतात. वाट बघत असल्यासारखे. पण वळत नाहीत, भाऊजी. कितीही हाका मारा, मान वळवत नाहीत." ती खुर्चीच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "ठमीचा आवाज ऐकला की वळतील. पोरीचा आवाज ऐकून कोण बाप वळणार नाही?"

"वहिनी, तो दादा नाही."

तिने झटकन माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुम्हालाही दिसले."

शिकलेला माणूस असतो तर मला काही सुचलं असतं. टिकटिकीचं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग करा दुरुस्त. पाठीचं सांगितलं असतं तर म्हणाली असती, आता ते मागे कसे राहतील? मी जे जे खरं सांगितलं असतं त्यातून तिला एकच ऐकू आलं असतं, की तो तिथे आहे. आणि उद्या सकाळी ठमी त्या खुर्चीत, घट्ट बांधलेली.

मी आज बसवून दिली नसती तर तिने दुसऱ्या दुकानातून बसवून घेतली असती. तशी ती आहे.

आतून ठमी बाहुलीशी बोलत असल्याचा आवाज येत होता. "हलायचं नाही हं. हललं की पडायला होतं."

८

"मला दिसले नाहीत," मी म्हणालो. "तिथे दिसतो तो मी आहे."

तिला कळलं नाही. मी खुंटीवरचं जर्किन काढलं. दादाकडे तसली दोन होती, दोन्हींना एकाच जागी ठिगळ, कारण दुकानाच्या दारातला तोच खिळा दोन्हींना लागला होता. एक त्याच्या अंगावर गेलं. दुसरं इथे होतं, ग्रीसच्या डागांचं.

"हे घालून जातो. तुम्ही ठमीला सोडायला निघालात की मागच्या रस्त्याने. दुकान दहाला उघडायचं असतं, तोवर परत येतो."

"कशाला?"

"तो कसा गेला असेल ते बघायला. तुम्ही मागून येता हे कळत होतं. वळून तोंड दाखवायची लाज वाटायची."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. एरवी मी खोटं बोललो की माझे कान लाल होतात, दादा लगेच पकडायचा. त्या दिवशी झाले नसावेत. मी जर्किन स्टँडवर ठेवलं आणि थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढचं निघालं नसतं.

"त्या रविवारी तो माझ्याच मागे वळला, वहिनी. मी उशिरा निघालो होतो. आडवाटेने येऊन फाट्याशी थांबलो. सगळे गेले, मग तो आला. मला अजून राग होता. मी खाणीकडे सायकल घातली, त्याला मागून यायला लावावं म्हणून. हळू चालवली, म्हणजे तो परत जाणार नाही. पाण्याशी गेल्यावर तो सायकल टेकवून माझ्याजवळ आला, समजूत घालायला. मी हात झटकला. त्याचा पाय घसरला. मी पळालो."

दुकानाबाहेरून एक मालट्रक गेला. भिंतीवरच्या सगळ्या सायकलींची चाकं थोडी थोडी हलली. 

"हवालदाराला?" ती म्हणाली.

"नाही सांगितलं. सांगायचं असेल तर तुम्ही सांगा. मी नाही म्हणणार नाही."

ती उठली. खुर्ची उचलून तिने दाराबाहेर ठेवली, रस्त्याच्या कडेला, काकूंना परत द्यायच्या गोष्टी ठेवतात तिथे. मग आत येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा तो महिन्याभराचा उजेड गेला होता. ती पुन्हा पहिल्या दिवशीसारखी दिसत होती, राखेसारखी. पण माझ्याकडे बघत होती. झाडांच्या पलीकडे कुठेतरी नाही, माझ्याकडे, दुकानात.

लग्न होऊन आल्यापासून ती मला कधी अरेतुरे बोलली नव्हती.

"तू पळालास तेव्हा," ती म्हणाली, "त्यांनी तुला हाक मारली?"

"मारली," मी म्हणालो. "दोनदा. मला ऐकू आली होती."